फेल्ट पॅड म्हणजे पैसे फुकट? तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

आमच्या बाणेरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. "टाइल्सवर ओरखडे पडतच नाहीत, फेल्ट पॅड नि स्लायडर म्हणजे पैसे फुकट, जुन्या स्लिपरचं रबर कापून पायांना चिकटवा आणि कपाट सरकवताना खाली साबणाचं पाणी टाका." (फेल्ट पॅड म्हणजे फर्निचरच्या पायाखाली चिकटवायचे जाड, मऊ कापडी तुकडे, आणि स्लायडर म्हणजे जड सामान सरकवायला खाली ठेवायच्या चकत्या.) शेजारच्या काकू हे करायला निघाल्या होत्या म्हणून लिहितेय.

आधी ओरखड्यांचं. लोखंडी पायाने टाइलवर करडी रेघ उठते ती बऱ्याचदा ओरखडा नसतेच, घासून राहिलेलं लोखंड असतं, नख फिरवलं तर अडकत नाही आणि नीट घासून साफ केलं की निघतेही, एवढं मेसेजवाल्याचं मान्य. पण खरा शत्रू पाय नाही, पायाखाली अडकलेला वाळूचा कण. मोह्ज स्केलवर (खनिजं किती कठीण ते सांगणारी १ ते १० ची मोजपट्टी) वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर आहे, आणि आमच्याकडे समोर कायम बांधकाम चालू, गॅलरीचं दार उघडलं की धूळ आत येणारच, मग डायनिंगची खुर्ची दिवसातून दहा वेळा मागेपुढे होते आणि व्हिट्रिफाइड टाइलचं पॉलिश तेवढ्या भागात हळूहळू मरतं. उजेडात तिरकं बघा, दिसेल. संगमरवर तर ३ वर. पेठांमधल्या जुन्या घरांतली शहाबादी काय किंवा कोटा काय, दोन्ही चुनखडकच, तेही मऊच.

रबर? अहो रबर पकडून ठेवतं, सरकवत नाही! सोफा जागचा हलू नये म्हणून लावा, खुशाल लावा. पण रोज ओढायच्या खुर्चीला लावलंत तर ती अडकणार आणि पायाचा सांधा खिळखिळा होणार. आणि विनाइल फ्लोअरिंग असेल तर रबराचा पिवळट-तपकिरी डाग आत मुरतो, तो कशानेही जात नाही, भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटमधून कापून घेतील.

साबणाचं पाणी तर बिलकुल नको. कपाटाआधी ढकलणाराच घसरतो, आणि पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) कपाट असेल तर खालून पाणी पिऊन फुगतं, ते परत बसत नाही.

काकूंकडे शेवटी असं केलं: कपाट रिकामं केलं (हे आधी, स्लायडरने वजन कमी होत नाही), फरशी झाडून घेतली, एकाने कोपरा जरासा उचलला, दुसऱ्याने जुनी गोधडी खाली सारली, आणि कमरेच्या खालून ढकललं, वरून ढकललं तर कपाट कलंडतं. गोधडी फुकटच की. गालिच्यावर मात्र गुळगुळीत प्लास्टिकचे स्लायडर घ्या, फेल्ट तिथे अडकतं.

फेल्ट चिकटवताना पाय आधी पुसून कोरडा करा, नाहीतर आठवड्यात पॅड निघून कपाटाखाली सापडतं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी खुर्ची उलटी करून पॅडवर बोट फिरवा, खरखर लागली की कण रुतलेत, लगेच बदला.