राउटर परत द्या!

पालिकेच्या माणसांनी शिडी लावली, पक्कड काढली आणि कचकन आमच्या वायफायची केबल तोडली. काल संध्याकाळी सहा वाजता, अभ्यासिका पोरांनी भरलेली असताना! एक मुलगी नोकरीच्या अर्जाची फी भरत होती, तिचं पान तिथंच गरगरत राहिलं. "काका, दोन मिनिटं थांबा," म्हणत ती खाली धावली. "वरून ऑर्डर आहे, अतिक्रमण आहे ते," असं उत्तर मिळालं. राउटर, अँटेना, डबा, सगळं गाडीत फेकलं, जप्त केलेल्या हातगाडीवर.

वीतभर डब्याचं अतिक्रमण? अकरा जणांनी वर्गणी काढून घेतलेला डबा होता तो. लाईट समोरच्या टेलरकाकांच्या दुकानातून. पीएम-वाणीत, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत, बसवलेलं वायफाय. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानेच मंजुरी दिली ना त्याला? त्यात चहाच्या टपरीवाल्यालाही लायसन्स लागत नाही, फी लागत नाही. राहिली अभ्यासिकेची भिंत, ती पालिकेची. तिच्या परवानगीचा अर्ज पाच महिन्यांपूर्वी दिलाय, आवक शिक्क्याची प्रत माझ्या पिशवीत आहे. संगणक विभाग म्हणतो विद्युतकडे जा, विद्युतवाले म्हणतात मालमत्ता विभागात जा, आणि मालमत्तेचे साहेब कधीही जा, साइटवर गेलेले.

त्याच भिंतीवर डब्याला खेटून वाढदिवसाचा बारा फुटी फ्लेक्स आहे. त्याला कुणी हात लावला नाही. डोकं फिरतं माझं हे फ्लेक्स बघून! अर्ध्या खिडक्या झाकल्यात, पोरं भरदिवसा ट्यूब लावून वाचतात.

बरं, पालिकेचं वायफाय तरी चालतं का? चौकातल्या खांबावरचा डबा उघडा पडलाय, वायरी लोंबतायत. चालू होतं तेव्हाही आधी ओटीपी मागायचं. रिचार्ज संपलेल्या पोराला एसएमएस येणार कुठून? मुंबईत जानेवारी 2017 मध्ये राज्य सरकारने 500 हॉटस्पॉट सुरू केले, 1 मेपर्यंत 1,200 करतो म्हणाले. फीत कापायला सगळे येतात. बंद पडलेला राउटर रीस्टार्ट करायला कोण येतं? आमच्यातला एक जण रात्री अकराला, कामावरून सुटल्यावर यायचा.

स्पेनमध्ये, कॅटलोनियात, 2004 पासून लोकांनी गुइफी-नेट नावाचं स्वतःचं जाळं उभं केलं. 30,000 च्या वर नोड, म्हणजे जोडणीची ठिकाणं, झाले. तिथल्या नगरपालिका त्या जाळ्यात सामील झाल्या. आम्ही पालिकेकडे पैसे मागितले नव्हते, माणसं मागितली नव्हती. एक भिंत मागितली होती.

ती मुलगी काल स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत पळाली. फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत होती. भरला गेला की नाही, अजून कळलेलं नाही, फोन लागत नाही तिचा.

उद्या दहा वाजता मी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसणार आहे. दंडाची पावती फाडायची तर फाडा, पैसे आणलेत. पण राउटर हातात पडल्याशिवाय मी तिथून उठणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी या.