चौकटीबाहेरच्या गाड्या

माझा एक फोटो गेल्या पावसाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलत्याच कामाला आला. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये मॅम टॉर नावाचा ५१७ मीटरचा डोंगर आहे, तिथून काढलेला. खाली होप व्हॅली धुक्याने काठोकाठ भरलेली, धारेवरून जाणारी वाट, एक लाकडी फाटक आणि नुकतं फुटलेलं तांबूस ऊन. साताऱ्याहून दादाने तो पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "बघा, माणूस नाही, कचरा नाही. आपल्या लोकांना बंदीच पाहिजे."

वाद नेहमीचाच होता. २०२४च्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाठोपाठ जुलैत रायगडातल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना एका तरुणीचा दरीत पडून जीव गेला. पावसाळा आला की धबधबे, धरणं, गडवाटा बंद करणारे आदेश निघतात आणि घरोघरी दोन तट पडतात. आमच्याकडे दादा बंदीवाला.

पण पुरावा म्हणून त्याने नेमका माझा फोटो काढावा?

ती ऑक्टोबरातली पहाट होती. सूर्योदय साडेसातचा. शेफिल्डहून निघून मी सहाला वर पोचले, तर दहा-बारा ट्रायपॉड आधीच रोवलेले. एका आजोबांच्या ट्रायपॉडचा पाय माझ्या बुटाला लागत होता. फाटकापाशी पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी मैत्रिणीकडून फोटो काढून घेत होती. पंचवीस मिनिटं! कुणी ओरडलं नाही, फक्त घसे खाकरले. ती बाजूला झाली त्या वीस सेकंदांतला माझा फोटो. उजवीकडे धुक्यातून सिमेंट कारखान्याची उंच चिमणी वर आली होती, ती मी कापली. डावीकडे रस्त्याकडेच्या गवतात चढवलेल्या गाड्या होत्या, त्याही कापल्या. आम्ही हौशी फोटोवाले सगळे हेच करतो. निर्मनुष्य इंग्लंड हे बरंचसं क्रॉप केलेलं इंग्लंड असतं.

शिस्तीचं म्हणाल, तर २०२५च्या जानेवारीत बर्फ पडल्यावर याच डोंगराखाली लोकांनी गाड्या अशा लावल्या की रस्ता अडला आणि पोलिसांना त्यातल्या काही उचलून न्याव्या लागल्या. धारेवरच्या वाटेला फरशा घातल्यात, त्या शोभेसाठी नाहीत. लाखो बुटांनी माती उकरून टाकली म्हणून घातल्यात. लंडनपासून जवळच्या ॲशरिज इस्टेटमधल्या डॉकी वूडमध्ये ब्लूबेल फुलतात, तेव्हा शनिवार-रविवारी तिकीट लावावं लागलं. फोटोसाठी लोक फुलांत जाऊन बसायचे. कासला आपण काय बघतो? तेच.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते स्वभावात नाही, वाटेत आहे. इथल्या नकाशावर हिरव्या तुटक रेघा असतात. ती रेघ शेतातून गेली असली, तरी त्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. शेतकऱ्याने नांगरट केली, तर चौदा दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, असा कायदाच आहे. आणि हे कुणी खुशीने दिलेलं नाही. मॅम टॉरवरून उत्तरेला किंडर स्काउटचं पठार दिसतं. १९३२च्या २४ एप्रिलला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण, बरेचसे कामगार, जमीनदारांची मनाई मोडून तिथे चढले. पाच जणांना कैद झाली. १९५१मध्ये हाच भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि माळरानांवर मोकळं हिंडायचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं.

आपल्याकडे उलटं आहे. डोंगरावर कुठूनही चढा, कुणी अडवत नाही. मग अपघात झाला की सगळ्यांनाच अडवतात. फुगलेल्या ओढ्यात उतरू देऊ नये, याबद्दल माझं दादाशी भांडण नाही. मुसळधार पावसात भुशीच्या पायऱ्या बंदच हव्यात. पण सरसकट आदेशाने गावातल्या वाटाड्याचा आणि पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींचा हंगामही बुडतो. आणि ज्याला रील करायचीय तो आडवाटेने, म्हणजे आणखी धोक्याच्या वाटेने, जातोच.

दादाच्या घरापासून कास पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, आगाऊ बुकिंग आणलं, आसपासच्या गावांतली पोरं शिट्ट्या घेऊन उभी केली. कुंपणाचा प्रयोग मात्र फसला. चराई थांबली की गवत माजतं आणि फुलं मागे पडतात, असं अभ्यासक सांगत राहिले, शेवटी जाळी काढली. चुकत-माकत का होईना, ते जमवलं साताऱ्याच्याच लोकांनी. त्यासाठी कुणाला इथे, मॅम टॉरच्या डर्बीशर परगण्यात, यावं लागलं नाही.

एवढं सगळं ग्रुपवर कोण वाचणार? मी त्याच पहाटेचा दुसरा फोटो पाठवला, न कापलेला. त्यात ट्रायपॉड, गवतातल्या गाड्या, रेनकोटवाली, सगळं होतं.

दादाचं उत्तर रात्री आलं. "ती चिमणी कसली गं?"