अरे बाबांनो, स्प्रिंटएफनं जेसन बनवायचं बंद करा की

परत तेच. (स्प्रिंटएफ म्हणजे सी भाषेतलं साच्यात शब्द-आकडे घालून मजकूर बनवणारं फंक्शन, आणि जेसन म्हणजे डेटा पाठवायला मजकूर लिहायची एक ठरलेली पद्धत.) रात्री साडेदहाला फोन, "डेटा येईना गा, बघून जा जरा." उद्यमबागेतली फौंड्री, भट्टीच्या पॅनलमध्ये सर्व्हरला डेटा पाठवणारं आमचं बोर्ड, बाहेर बेळगावचा पाऊस, आणि मी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला भिजत उभा, गाडी काय जाईना आणि गेट काय उघडेना.

जाऊन बघतोय तर बोर्ड चालू, वायफाय चालू, सर्व्हर पण चालू. ऑपरेटरनं फक्त पार्टच्या नावात 2" फ्लँज असं टाकलंय. इंचाची खूण! फौंड्रीत माणसानं इंच लिहायचा नाही तर काय लिहायचं? खरं जेसनमध्ये तीच खूण म्हणजे स्ट्रिंग संपली, आत पाहिजे असेल तर आधी बॅकस्लॅश लागतो, आणि आमच्या कोडमध्ये काय, तर स्प्रिंटएफ, मध्ये पर्सेंट एस, म्हणजे नाव आलं तसंच चिकटवायचं, विषय संपला. स्ट्रिंग 2 वरच तुटली, फ्लँज बाहेर लोंबकळत राहिलं, सर्व्हरनं अख्खा मेसेज फेकून दिला.

सहा महिने झाले आमच्या सरांना सांगतोय, जेसन लिहायला लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरूया. उत्तर ठरलेलं, "साधं टेक्स्ट तर आहे रे, त्याला लायब्ररी कशाला?" साधं?? शेवटच्या जोडीनंतर स्वल्पविराम राहिला तरी चालत नाही, म्हणून प्रत्येक लूपमध्ये एक इफ. थर्मोकपलची, म्हणजे तापमानाच्या सेन्सरची, वायर निघाली की आमच्या फंक्शनमधून 'नॉट अ नंबर' येतं, प्रिंटएफ बिचारं इमानदारीत 'नॅन' छापतं, आणि जेसनला तसला आकडा चालतच नाही, जेसनचं मानक आहे आरएफसी 8259, त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे सेन्सर गेलाय हे सांगायची वेळ आली की नेमका तेव्हाच मेसेज मरतोय. वा!

आणि गावाचं नाव. कुणा महाभागानं त्याला 20 बाइटचा बफर, म्हणजे मेमरीतली ठरलेली जागा, दिलाय. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या एकेका खुणेला 3 बाइट, काना-मात्रा-वेलांटी सगळ्याला वेगळे. बेळगाव 18 बाइट, बसलं. गिऱ्हाईक म्हणालं बेळगावी करा, झाले 21, एसएनप्रिंटएफनं (स्प्रिंटएफचंच भावंड, जागेची मर्यादा पाळणारं) शेवटच्या खुणेला एक बाइट राखून 19 वर कापलं आणि शेवटच्या वेलांटीचा एक बाइट तेवढा लटकत राहिला, सगळा मेसेज बाद. कन्नडात लिहून बघितलं, तिथं पण 21च. सीमाप्रश्न आता आमच्या बफरमध्ये पण आलाय बघा.

"मग एसएनप्रिंटएफ नीट वापर की," म्हणे. अहो, ते किती लिहिलं ते सांगतच नाही, जागा असती तर किती लिहिलं असतं ते सांगतंय! तो आकडा न बघता पुढं पुढं बेरीज करत गेलात की गेला पॉइंटर, म्हणजे पुढं कुठं लिहायचं तो पत्ता, बफरच्या बाहेर फिरायला. आमच्यात सात ठिकाणी तसंच केलंय, काल रात्री मोजलं.

मी काय राजवाडा मागतोय काय? सीजेसन नावाची लायब्ररी नको, मान्य, ते मेसेजचं अख्खं झाड मॅलॉकनं, म्हणजे चालता चालता मेमरी मागून, बांधतंय आणि आपल्या चिपला सगळी मिळून 20 केबी रॅम. जेएसएमएन ही दुसरी लायब्ररी, ती तर जेसन नुसतं वाचतीय, लिहीत नाही, हे सरांना तीनदा सांगून झालं. खरं नुसतं लिहिणारी बारकी लायब्ररी असतीय की, एक सी फाइल, एक हेडर, बफर आपलाच द्यायचा. ऑब्जेक्ट उघड, नाव-किंमत टाक, बंद कर. स्वल्पविराम ती बघतीय, बॅकस्लॅश ती टाकतीय, जागा संपली तर तसं सांगतीय, मॅलॉकचं नाव नाही. संध्याकाळभराचं काम आहे हो!

रात्री दीडला सरांना मेसेज टाकला, कारण सापडलंय, उद्या लायब्ररी घालतो म्हणून. सकाळी उत्तर आलं: "कोडला हात लावू नको. ऑपरेटरला सांग इंच लिहू नको म्हणून."

आता पॅनलवर कागद चिकटवलाय, वर कन्नड, खाली मराठी: इंचाची खूण टाकू नये. मीच चिकटवलाय.