आजोबांची सही

पुण्याची नोकरी सोडून मोहोळजवळच्या वडिलोपार्जित साडेतीन एकरांत डाळिंब लावायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, तेल्या रोग छळेल. तेल्या परवडला, बँक नको!

तसं कागदावर सगळं छान आहे. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून आहे. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 4 टक्क्यांनी पडतं, 2 लाखांपर्यंत तारणही लागत नाही. भिंतीवरचा हा फलक माझा पाठ झाला, तोवर साहेब जेवून आले.

"सातबारा, आठ-अ, फेरफार, निल दाखला."

निल दाखला म्हणजे, ज्या बँकांनी आपल्याला कधी दारात उभं केलं नाही, त्यांच्याकडून 'हा आमचं काही देणं लागत नाही' असं लिहून आणायचं. तेही आणलं. मग साहेबांचं बोट सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यावर थांबलं. आजोबांनी इंजिनासाठी गावच्या शेतकरी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. ते फिटलं, इंजिन भंगारात गेलं, आजोबाही गेले. बोजा, म्हणजे सातबाऱ्यावरची कर्जाची नोंद, तेवढी जागेवर.

सोसायटीचे सचिव म्हणाले, "फेडलंय ओ त्यांनी. बोजा उतरवायचा अर्ज तेवढा दिला नाही."

"मग मी देतो."

"खातेदाराची सही लागती की, मालक."

दरम्यान ठिबककडे वळलो. अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान! फक्त पूर्वसंमती आल्यावर संच आपल्या पैशानं घ्यायचा, तपासणी व्हायची, मग पैसे खात्यात. थोडक्यात 80 टक्के सरकारचे, पण आधी सगळे माझे.

ट्रॅक्टरवाले मात्र घरी आले. पेढे, हार, फोटो. आजोबांची चौकशीसुद्धा नाही. कारण उघड आहे: हप्ता थकला तर ट्रॅक्टर ओढून नेता येतो, रान नेता येत नाही. व्याजाचा आकडा सहीच्या पानावर बारीक अक्षरात होता. चुलते चष्मा पुसत म्हणाले, "साडेतीन एकराला ट्रॅक्टर कशाला रे? तासावर लाव." पेढे तेवढे ठेवून घेतले.

अखेर वारसनोंदीचा फेरफार जोडून बोजा उतरला. साहेबांनी फाईल चाळली, खुश दिसले आणि थबकले.

"आधारवर शिवाजीराव, सातबाऱ्यावर नुसता शिवाजी. दोघं एकच का?"

आता तहसीलबाहेर प्रतिज्ञापत्र टाईप होतंय. टायपिंगवाला विचारतो, "राव ठेवू का काढू?"

"कर्ज कशाला मिळतं?"

"ते साहेबांना विचारा. मला दोन्हीला तेवढेच पैसे."