दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

आमचं गावचं घर दाभोळ खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ओटीवर बसल्या बसल्या भरती आली की ओहोटी लागली ते नाकाला कळतं. ते सोडून मी पुण्याला आलो, समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर, त्यातही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हॉलमध्ये तीन फुटी काचेची टाकी मांडून तिच्यात समुद्र करायला घेतला.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. "मेल्या, दारातला फुकटचा समुद्र टाकून आलास नि इथे मिठाची बादली विकत आणतोस?"

बादली आणली होती हे खरं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकी आणि तिच्या खालच्या कपाटातला संप (वरचं पाणी जिथे उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर चढतं ती दुसरी टाकी) मिळून पाणी दोनशे लिटर, म्हणजे मीठ सात किलो. हे मीठ लोणच्याचं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्राच्या मापाने घातलेलं असतं. त्याची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही. आणि नळाचं पाणी चालत नाही, आरओचं लागतं. आरओ एक लिटर चांगलं देताना दोन-तीन लिटर टाकून देतो. ते वाया जाऊ नये म्हणून मी जिना धूत असे. त्या महिन्यात आमचा जिना बघायला बी विंगमधली माणसं येऊन गेली.

पाणी झालं, पण लगेच मासे सोडायचे नसतात. आधी पाणी विरजावं लागतं. एका अनुभवी मित्राने त्याच्या टाकीतला खडबडीत दगडाचा तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, शेजारणीने वाटीत विरजण द्यावं तसा. त्या दगडाच्या भोकाभोकांत जिवाणू राहतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं त्यामानाने सोसणारं आणि पाणी बदलून आटोक्यात राहणारं. खरा फिल्टर म्हणजे हे दगडातले भाडेकरू. बाकी पंप नि स्पंज हे नुसते हमाल. पण त्यांचा संसार मांडून होईपर्यंत सहा आठवडे लागले. तोवर टाकीत दगड, वाळू आणि पाणी. पाहुणे वाकून वाकून बघायचे आणि हळूच विचारायचे, "मासे लपलेत का?" "नाही, अजून पाणी तयार होतंय," असं मी म्हटलं की ते बायकोकडे सहानुभूतीने बघत. रोज संध्याकाळी मी छोट्या नळ्यांमध्ये थेंब टाकून रंग जुळवत बसे. मुलगी मैत्रिणींना सांगे, बाबा बारावीची केमिस्ट्री पुन्हा देतायत.

संपात एक उभा नळकांडा आहे, त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. तो पाण्यात अतिबारीक बुडबुडे सोडतो, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि कपात जमते. गोड्या पाण्यात ही युक्ती नीट चालत नाही, तिथे बुडबुडे मोठे होतात नि फुटतात. मी हे सगळं आईला समजावायला लागलो. तिने कपाटात डोकं घालून एकदा बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे गुऱ्हाळात रसावरची मळी काढतात तसं." झालं. दुकानदाराला जे अर्ध्या तासात सांगता आलं नव्हतं ते झालं. कपातला द्राव मात्र मळीसारखा नसतो. हिरवट काळा असतो, आणि तो ओतायला मी बाथरूममध्ये गेलो की घरातली बाकी सगळी दारं आपोआप लागतात.

मग दोन मासे आले. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. आणि मी प्रवाहाच्या नादी लागलो.

समुद्राचं पाणी उभं राहत नाही, तेव्हा टाकीतलंही राहता कामा नये. वरचं पाणी ढवळलं तर हवा मिसळते, तळाशी घाण बसत नाही, ती उचलली जाऊन फिल्टरपर्यंत पोचते. पोवळ्यांच्या टाकीत तासाला वीसेक पट किंवा त्याहूनही जास्त पाणी फिरवतात, म्हणजे माझ्या हिशेबाने चार हजार लिटर. पोवळी आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित, ती घरात ठेवायची नसतात, त्यामुळे माझ्याकडे नाहीत. पण प्रवाह मी पोवळ्यांच्या मापाचा घेतला. नवरी ठरलेली नसताना बँड सांगून ठेवावा तसा.

दोन वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा उठवणारे पंप, समोरासमोर लावले आणि बटण दाबलं. वाळू उठली. एका काचेशी ढीग, दुसऱ्या बाजूला तळाची काच उघडी. क्लाउनफिश मुळात घरकोंबडा, पोहण्यात बेताचा. समुद्रात तो ॲनिमोन नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या झुपक्यात घर करून राहतो. माझे दोघे हिटरच्या आडोशाला गेले आणि बसच्या दांड्याला धरून उभ्या राहिलेल्या माणसांसारखे डुलत राहिले. जोर कमी केला, तर दगडाच्या मागे पाणी थिजलं आणि आठवड्याभरात तिथे तांबूस शेवाळाची साय धरली. मग पंप एकदा काचेकडे, एकदा वर, एकदा अर्धा इंच डावीकडे. खाण्याचा एक कण सोडायचा आणि तो कुठून कुठे जातो ते बघायचं. तीन महिने. "सोफा सरकव म्हटलं की तुझी कंबर धरते," बायको म्हणाली, "आणि इथे पहाटे साडेपाचला उकिडवा बसतोस."

शिवाय आवाज. वरचं पाणी पाइपातून संपात पडताना हवा ओढतं आणि गटगट करतं. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे वाहत्या पाण्याचा आवाज झोपेतही ऐकू येणं हे रक्तात आहे. पहिल्या रात्री दोन वाजता आई "नळ आला गो!" म्हणत उठली आणि कोणी काही बोलायच्या आत सून आणि नात बादल्या घेऊन उभ्या.

पण खरी रात्र जुलैतली. गडगडाट झाला, लाईट गेली, आणि पंप थांबले. पंप थांबला की वर चढवणाऱ्या पाइपातून पाणी उलटं खाली येतं. पूर्वी रॉकेलच्या पिंपात नळी घालून दुकानदार तोंडाने ओढायचा, तीच गोष्ट. पाइपाचं तोंड पाण्याखाली असेल तर ते उघडं पडेपर्यंत टाकी खाली होत राहते. म्हणून पाण्याच्या रेषेला लागून त्या पाइपाला बारीक भोक पाडतात. तिथून हवा शिरली की धार तुटते. मी भोक पाडलं होतं. त्या भोकावर त्या रात्री एक गोगलगाय बसली होती. शेवाळ खायला म्हणून मीच आणलेली.

पाइपाचं तोंड सहा सेंटिमीटर खाली, तीन फूट बाय दीड फुटाची टाकी, म्हणजे पंचवीस लिटर. संपात जागा पंधराची. उरलेले दहा लिटर हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून खाली. खालच्या मजल्यावरचे काका लाईट नाही म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. पाच मिनिटांत ते टॉर्च घेऊन दारात.

"तुमच्याकडून पाणी पडतंय. आणि ते," काकांनी ओठावरून जीभ फिरवली, "खारट आहे."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शंका उमटायला लागली.

"समुद्राचं आहे, काका," मी घाईने म्हटलं.

त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरला, बराच वेळ धरला, आणि "बरं" म्हणून खाली गेले. लाईट पहाटे चारला आली. तोवर माशांना हवा मिळावी म्हणून मी मेणबत्तीच्या उजेडात आमटीच्या पळीने पाणी ढवळत बसलो होतो. पुराणातल्या मंथनाला दोन्ही बाजूंनी माणसं होती आणि चौदा रत्नं निघाली. मला एकट्याला एक गोगलगाय मिळाली.

गणपतीला गावी गेलो. आईने रिकामे कॅन धुऊनच ठेवले होते. "ने भरून, किती हवं तेवढं."

विसर्जनाच्या संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभा असताना राहवलं नाही. खिशातून पाण्याचा खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर थेंब टाकला आणि मावळत्या सूर्याकडे धरून डोळ्याला लावला. माझ्या टाकीत आकडा १.०२५ असतो. इथे १.०१४. पावसाचं पाणी आणि वाशिष्ठी नदीत सोडलेलं कोयना धरणाचं, दोन्ही ह्याच खाडीतून येतं.

"काय म्हणतो समुद्र?" आईने विचारलं.

"अळणी आहे गं."

तिने खाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग? ह्यातपण बादली ओततोस?"