लहान मुलांच्या रक्तात कोरोना सापडला म्हणजे नक्की काय समजायचं?

रक्तात कोरोना सापडला म्हणजे मूल आता गंभीर होणार, असा सरळ अर्थ लावून आईबाप हादरतात. मी लॅबमध्ये काम करते, मुलांची सॅम्पल्स रोज माझ्या हातून जातात, आणि हा अर्थ मला मनापासून खटकतो.

मुळात हा विषाणू वाढतो तो नाक, घसा आणि फुप्फुसांत. प्रत्येक रुग्णाच्या रक्तात तो मिळत नाही, आणि मिळाला तरी नाकाच्या मानाने फारच थोडा. शिवाय आरटी-पीसीआर टेस्ट फक्त आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा, पकडते. तो धडधाकट विषाणू आहे की नुसते तुकडे, हे मशीनला कळत नाही. मोठ्या माणसांत मात्र संबंध चांगलाच दिसलाय. दाखल रुग्णांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास 2022 साली आला. ज्यांच्या प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) विषाणूचं प्रथिन लिटरमागे 1000 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त होतं, त्यांची तब्येत इतरांपेक्षा जास्त बिघडलेली होती.

मुलांबाबत असं ठामपणे म्हणता येत नाही. शिकागोच्या डॉक्टरांनी 2020 सालीच दाखवलं होतं, की पाच वर्षांखालच्या, सौम्य ते मध्यम आजार असलेल्या मुलांच्या नाकात मोठ्यांच्या 10 ते 100 पट विषाणूचा आरएनए असू शकतो. नाकात एवढा भरणा आणि मूल मात्र खेळतंय! म्हणजे नाकावरून आजाराचा अंदाज येत नाही, मग रक्त बघावं, असं संशोधकांना वाटलं तर ते बरोबरच आहे. हे काम व्हायलाच हवं, असं माझंही ठाम मत आहे.

पण रक्त काढतात कुणाचं? ताप येऊन दोन दिवसांत घरीच बऱ्या झालेल्या मुलाला कोणी सुई टोचत नाही. टोचतात ते दाखल झालेल्याला. ज्यांच्याशी तुलना करायची, ती बरी असलेली मुलं मोजणीतच नसतात. तरीही ‘रक्तात विषाणू, म्हणून आजार गंभीर’ असा निष्कर्ष काढायचा?

आणि त्या बऱ्या मुलांना उगाच टोचावं, असंही मी म्हणणार नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 240 मिली. संशोधनासाठी 24 तासांत त्यातलं 1 ते 5 टक्के, एवढीच मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळतात. शीर सापडत नाही, आईने हात घट्ट धरलेला असतो, रक्त थेंबाथेंबाने बल्बमध्ये (रक्त जमा करायच्या नळीत) पडतं, आणि एवढं करून ते गोठलं तर पुन्हा टोचायचं. हे रोज बघणाऱ्याला ‘आणखी थोडं रक्त घेऊ’ हे वाक्य सहज म्हणता येत नाही.

मार्ग आहे. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, घेतलेल्या जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये बरेचदा थोडं रक्त उरतं. आईबापांची परवानगी घेऊन तेच वापरावं. (हिरव्या टोपणाचं नको, त्यातल्या हेपरिन या रक्त न गोठू देणाऱ्या औषधामुळे पीसीआर बिघडते.) हात मोडला म्हणून दाखल झालेलं आणि स्वॅब सहज पॉझिटिव्ह आलेलं मूलही त्यात यावं. खरी तुलना अशा मुलांशीच होईल.

दुसरी गोष्ट, रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढलं याची. पोलिओचा विषाणू रक्तात सापडत नाही, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन यांनी 1952 साली माकडं आणि चिंपांझींमध्ये तो रक्तात दाखवला, पण लुळेपणा येण्याच्या काही दिवस आधी. बाकीचे उशिरा शोधत होते. विषाणू रक्तातून जातो म्हटल्यावर रक्तातल्या अँटिबॉडी त्याला वाटेतच अडवतील, ही लसीमागची आशा पक्की झाली. केवढा फरक, आणि तो फक्त रक्त कधी काढलं याचा!

कोरोनातही हेच आडवं येतं. मुलांमधला एमआयएस-सी हा अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर आजार संसर्गानंतर साधारण 2 ते 6 आठवड्यांनी येतो. तोवर नाकाचा स्वॅब बरेचदा निगेटिव्ह झालेला असतो. बॉस्टनच्या संशोधकांना 2021 साली अशा मुलांच्या आतड्यात विषाणूचा अंश टिकून असल्याचं आणि आतड्याचं अस्तर सैल पडून विषाणूचं स्पाइक प्रथिन रक्तात उतरल्याचं आढळलं. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा आरएनए ही एक गोष्ट आणि चौथ्या आठवड्यातलं प्रथिन ही अगदी वेगळी. दोन्हींना ‘रक्तात कोरोना’ म्हणून एकाच रकान्यात घालणं मला चुकीचं वाटतं. प्रत्येक आकड्याशेजारी आजाराचा कितवा दिवस, हे लिहिलंच पाहिजे.

रक्तातला कोरोना शोधणारी ही टेस्ट करून घ्या म्हणून आईबापांनी डॉक्टरांच्या मागे लागू नये. ती अजून संशोधनाच्या कामाची आहे, मुलावर काय उपचार करायचे हे तिच्यावरून ठरत नाही. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का, मूल दूध पितंय का, लघवी होतेय का, ऑक्सिजन किती आहे, यावरून ठरतं. आणि कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांत सतत ताप, पोटदुखी, अंगावर पुरळ किंवा लाल डोळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मागे कोरोना होऊन गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.