‘पाकीट बोलतंय’ म्हणणाऱ्या वाचकास

गेल्या आठवड्यात मी डेव्हिड आणि इगोर ऑइस्त्राख या व्हायोलिनवादक बापलेकांनी वाजवलेल्या बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कंचेर्टोबद्दल, म्हणजे वाद्यवृंदाबरोबर वाजवायच्या रचनेबद्दल, लिहिलं होतं. डी मायनरमधला, बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही 1043. त्याच्या 180 ग्रॅम वजनाच्या नव्या एलपीचं (तबकडीचं) मी मनापासून कौतुक केलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं: हेच रेकॉर्डिंग मोबाईलवर फुकट मिळतं, 180 ग्रॅम हा वजनावर पैसे उकळायचा धंदा आहे, मोबाईल फिडेलिटी ही रेकॉर्ड कंपनी शुद्ध अ‍ॅनालॉग समजल्या जाणाऱ्या तबकड्या बनवताना मधे डिजिटल टप्पा वापरते हे 2022 मध्ये उघड झालं आणि तोवर भल्याभल्यांना तो ओळखता आला नव्हता, बाख इतका व्हायब्रेटो (सुराचं कंपन) लावून वाजवायचे दिवस गेले, आणि मी लिहिलं तसे या एलपीवरचे तिन्ही कंचेर्टो काही लंडनला रेकॉर्ड झालेले नाहीत. शेवटी एक वाक्य: ‘काका, हे तुमचे कान नाहीत, पाकीट बोलतंय.’

लंडनचं तुम्ही बरोबर पकडलंत. तिथे फक्त हा दुहेरी कंचेर्टो झाला, 1961 मध्ये, संचालक युजीन गूसेन्स आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर. बाकीचे दोन, ए मायनर आणि ई मेजरमधले, 1962 चे, व्हिएन्ना सिम्फनीबरोबरचे. चूक माझी. वजनाचंही मान्य. तबकडी जड झाली म्हणून खाच खोल होत नाही, फार तर ती लवकर वाकत नाही. आवाज ठरतो तो टेप कोणती घेतली आणि लॅकर, म्हणजे जिच्यावरून साचा बनतो ती पहिली तबकडी, कोणी, कशी कापली यावर. पण मी वजनाचं कौतुक केलंच कुठे होतं? लेख परत वाचा.

आता पाकिटाबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही. मी बत्तीस वर्षं छापखान्यात मशिनवर काढली. 1987 साली चोर बाजारात एका फेरीवाल्याकडून या रेकॉर्डची जुनी प्रत घेतली, पस्तीस रुपयांना. त्यातले वीस रुपये मित्राकडून उसने घेतले होते. कव्हर अर्धं फाटलेलं आणि लार्गोच्या, म्हणजे कंचेर्टोच्या मधल्या संथ भागाच्या, मधोमध एक आडवा ओरखडा. तबकडीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. त्या जागी सुई आली की दर फेऱ्याला ‘टक’. मिनिटभर तरी. ओल्या फडक्याने पुसलं, सुई बदलली, टोनआर्मवर वजन वाढवून पाहिलं. टक गेली नाही. बत्तीस वर्षं मी तो लार्गो त्या टकीसकट ऐकला, आणि ती नेमकी कुठे येणार हे मला आजही झोपेत सांगता येईल.

तो भाग काय आहे, तेही सांगतो, कारण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत संगीताबद्दल एक ओळ आहे, आणि तीही दोष काढणारी. लार्गो सुरू करतं ते दुसरं व्हायोलिन. तालाची दोन मापं ते एकटंच पुढे असतं. मग पहिलं व्हायोलिन पंचमावरून तीच ओळ घेऊन येतं. त्यानंतर एकाने सूर धरायचा आणि दुसऱ्याने त्याच्या खालून सरकत जायचं, असं चालू राहतं. व्हायोलिनवादक हायफेट्झने 1946 साली दोन्ही भाग स्वतःच वाजवून एकावर एक चढवले. थक्क करणारं काम आहे, पण गज एकाच हाताचा. इथे गज दोन आहेत. धरलेल्या सुराच्या शेवटाला एक गज हलका होतो आणि दुसरा त्याच क्षणी किंचित दाबला जातो. मी लहानपणी आठ वर्षं व्हायोलिन शिकलो, मांडी घालून, स्क्रोल (व्हायोलिनचं टोक) पावलावर टेकवून. गज दाबताना मनगटात काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या जुन्या प्रतीत ती देवाणघेवाण नेमकी टकीखाली जात होती. नव्या प्रतीत ती पहिल्यांदा सलग ऐकली. निवृत्तीनंतर, चार महिने थांबून घेतलेल्या प्रतीत. याला तुम्ही पाकीट म्हणता?

तुम्ही म्हणाल, टक मोबाईलवरही नसते. नसेल. मोबाईलवर मी तो ऐकला आहे, मुलीने लावून दिला होता. दोन व्हायोलिनं एकमेकांना चिकटलेली वाटली. हे माझे कान सांगतात आणि माझ्या कानांबद्दल साक्ष द्यायचा अधिकार माझा आहे, तुमचा नाही.

मोबाईल फिडेलिटीचं प्रकरण इथे लागू होत नाही. ती कंपनी वेगळी, त्या रेकॉर्ड वेगळ्या. व्हायब्रेटोचं म्हणाल तर बाखच्या काळासारख्या आतड्याच्या तारा, 415 हर्ट्झचा उतरता सूर, हे सगळं मीही ऐकतो. ज्याला ते हवं त्याने ते घ्यावं. ऑइस्त्राखने 1961 साली आजच्यासारखं वाजवायला हवं होतं, ही अपेक्षा मला समजत नाही.

आणि ‘काका’ हा शब्द. माझे पुतणे मला काका म्हणतात, ते प्रेमाने. तुम्ही तो टोमणा म्हणून वापरलात. मतभेद असू द्या, पण निदान ज्या रेकॉर्डबद्दल बोलताय ती एकदा सुईखाली ठेवून मग लिहीत चला. तुम्ही ती ऐकली आहे असं तुमच्या प्रतिक्रियेत कुठेही म्हटलेलं नाही.

लंडन-व्हिएन्नाची दुरुस्ती आज सकाळी लेखात केली आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.